उलटा बसवलेला पडदा

मागच्या शनिवारी घरच्या आरओ फिल्टरचा मेम्ब्रेन बदलून झाला. सर्व्हिसवाला जुना मेम्ब्रेन पिशवीत टाकून निघाला होता, मी म्हटलं राहू द्या इथेच. त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. (आता सवय झालीय.) तो गेल्यावर चहा टाकला, किचनमधली सुरी घेतली आणि ते पांढरं नळकांडं उभं चिरलं.

आत कोळसा किंवा स्पंजसारखं काहीतरी असेल असं मला वाटत होतं. निघाला गुंडाळलेला कागद! मध्ये भोकं पाडलेली एक प्लॅस्टिकची नळी, आणि तिच्याभोवती सुरळीसारखे गुंडाळलेले थर. एक जाळी, मग पांढरा जाड कागद, मग बारीक विणीचं कापड, परत कागद. उलगडत बसलो तर डायनिंग टेबल भरलं. तो पांढरा कागद हातात घेऊन बघितला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्याची एक बाजू चकचकीत आणि गुळगुळीत होती, दुसरी मळकट, कापडासारखी खरखरीत.

तेव्हा हे काही विशेष वाटलं नाही. रात्री सहज वाचायला बसलो आणि दोन वाजले. कारण त्या चकचकीत आणि खरखरीत बाजूंच्या फरकातच या सगळ्याचा इतिहास दडलेला आहे, आणि त्या इतिहासात एक पडदा चुकून उलटा बसवला गेला होता.

पण आधी थोडं शाळेतलं.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं की पाणी सुटतं आणि आई ओरडते. ते सुटलेलं पाणी म्हणजे ऑस्मोसिस. पेशीचं आवरण पाण्याला वाट देतं, पण आत विरघळलेल्या गोष्टींना सहसा देत नाही, आणि पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. फ्रान्समधल्या झाँ-आंत्वान नोले नावाच्या पाद्र्यानं १७४८ साली हे डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीवर पाहिलं. एका बाजूला मद्यार्क, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी आत शिरलं आणि कातडी टम्म फुगली. पुढं व्हान्ट हॉफनं १८८० च्या दशकात या दाबाचं गणित मांडलं. रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल (१९०१) त्याला मिळालं, त्यामागे हेही काम होतं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एका बाजूला असं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी ठेवलं, तर गोडं पाणी ज्या जोरानं खाऱ्याकडे ओढलं जातं तो दाब जवळजवळ २७ बार होतो. म्हणजे पावणेतीनशे मीटर उंच पाण्याच्या खांबाइतका. आता हेच उलटं करायचं. खाऱ्या बाजूनं २७ बारपेक्षा जास्त दाब दिला, की पाणी उलट दिशेनं ढकललं जाणार आणि मीठ मागे राहणार. म्हणून रिव्हर्स ऑस्मोसिस. कल्पना इतकी सोपी आहे की बारावीतल्या मुलाला कळेल. अडचण एकच होती. असा पडदा कोणाकडेच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याची ओरड सुरू झाली. १९५२ साली तिथल्या संसदेनं खाऱ्या पाण्यासाठी खास कायदा केला आणि 'ऑफिस ऑफ सलाइन वॉटर' नावाचं सरकारी खातं उभं राहिलं. तेव्हा सगळा भर पाणी उकळण्यावर होता. उकळा, वाफ थंड करा, प्या. पण पाण्याची वाफ करणं भयंकर महाग. एक हजार लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे सव्वासहाशे युनिट ऊर्जा लागते (तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरून खर्च बराच खाली आणता येतो, तरी). आणि निसर्गनियमानुसार समुद्राच्या पाण्यातून तेवढंच गोडं पाणी वेगळं करायला कमीत कमी किती ऊर्जा पुरावी? एक युनिटच्या आसपास! हा आकडा वाचून मी परत तपासला. कुठल्याही इंजिनिअरला झोप लागू नये असं हे अंतर आहे.

फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड आणि त्याचा विद्यार्थी ब्रेटन यांनी पन्नासच्या दशकात बाजारात मिळेल ती फिल्म आणून तिच्यातून दाबानं खारं पाणी ढकलायला सुरुवात केली. सेलोफेन, रबर, पॉलिस्टायरिन. बऱ्याचशा फिल्म मीठ अडवत नव्हत्या, काही तर पाणीच सोडत नव्हत्या. शेवटी सेल्युलोज अॅसिटेट सापडलं. हो, तेच, जे कॅमेऱ्याच्या रोलसाठी वापरायचे. त्यानं ९६ टक्क्यांहून जास्त मीठ अडवलं. म्हणजे तत्त्व सिद्ध झालं. पण पाणी येत होतं थेंब थेंब. फिल्म पातळ केली तर पाणी वाढायचं, पण पातळ फिल्म एवढा दाब सोसणार कशी? जाड ठेवा तर पाणी नाही, पातळ करा तर फाटणार. सरकारी खात्यातल्या अनेकांनी हे प्रकरण मनातल्या मनात बंद केलं असणार.

तिकडे दुसऱ्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९४९ पासून वेगळीच खटपट चालू होती. गेराल्ड हॅस्लर यांचा विचार असा की दोन सेलोफेनच्या पडद्यांमध्ये हवेचा पातळ थर ठेवायचा आणि पाणी वाफेच्या रूपानं पलीकडे न्यायचं. नंतर सॅम्युएल यूस्टर यांनी वेगळा मुद्दा काढला: मिठाच्या पाण्याच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म थर जवळजवळ शुद्ध पाण्याचा असतो, तो सायीसारखा अलगद काढून घेता येईल का? त्यांच्या हाताखाली या कामावर एक भारतीय संशोधक होता, श्रीनिवास सौरिराजन, जन्म १९२३. आणि १९५८ च्या सुमारास त्यांना येऊन मिळाला सिडनी लोएब. लोएबनं वर्षानुवर्षं इंडस्ट्रीत नोकरी केली होती आणि चाळिशीत परत विद्यार्थी म्हणून विद्यापीठात आला होता. हे मला फार आवडलं. आपल्याकडे तिशीत एमबीए करायला निघालं तरी लोक 'आता कशाला' म्हणतात.

दोघांनी काय केलं? बाजारातून सेल्युलोज अॅसिटेटचे तयार पडदे आणले. हे पडदे मीठ अडवण्यासाठी नव्हतेच, बारीक कण गाळण्यासाठी होते. ते पाण्याखाली गरम केले, म्हणजे छिद्रं थोडी आक्रसतील या आशेनं. आणि चाचणी घेतली. चाललं! मीठ अडलं आणि पाणीही बऱ्यापैकी आलं. मग पुन्हा चाचणी घेतली. तोच पडदा, तेच पाणी, तोच दाब. मीठ सरळ पार.

आमच्या टीममध्ये याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणतात :-) कधी येणारा, कधी न येणारा बग. अशा वेळी बहुतेक लोक पहिला चांगला निकालच चुकीचा होता असं ठरवून टाकतात आणि पुढच्या कामाला लागतात. यांनी तसं केलं नाही. हळूहळू ध्यानात आलं की पडदा कोणत्या बाजूनं बसवलाय यावर सगळं अवलंबून आहे. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे केली की चालतं, दुसरी केली की नाही. दिसायला एकसंध असलेल्या फिल्मला सुलटं-उलटं असेल असं आधी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कशाला येईल? कागदाला कुठे सुलटी बाजू असते?

याचा अर्थ असा की त्या पडद्याच्या दोन बाजू मुळातच वेगळ्या होत्या. मग त्यांनी हा वेगळेपणा मुद्दाम घडवायला घेतला. सेल्युलोज अॅसिटेट अॅसिटोनमध्ये विरघळवलं, त्यात पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट घातलं. हे दाट मिश्रण गार केलेल्या काचेवर पात्यानं पसरलं. अॅसिटोन चटकन उडून जातं, त्यामुळे वरच्या पृष्ठभागावर काही क्षणांत एक दाट कातडी धरते. तापलेलं दूध निवताना साय धरते ना, तशीच. मग काच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. आता सायीच्या खालचा भाग स्पंजासारखा सच्छिद्र होऊन घट्ट होतो. शेवटी ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात शेक द्यायचा.

झालं. रीडचा पेच एका झटक्यात सुटला. मीठ अडवण्याचं काम करणारी साय एका मायक्रॉनचा जेमतेम पाचवा हिस्सा. तिला आधार देणारा स्पंज तिच्यापेक्षा शेकडो पटींनी जाड, पण त्यातून पाणी आरामात जातं. पातळही आणि दणकटही. पडदा उलटा लावला की खारं पाणी आधी स्पंजात शिरून तिथंच साचतं आणि सायीला मागून आधारही राहत नाही, म्हणून तो फसायचा. पाण्याचं प्रमाण आधीच्या फिल्मपेक्षा दहापटीहून जास्त आलं आणि मीठ ९९ टक्क्यांच्या आसपास अडलं. १९६० साली दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९६४ साली ते मिळालं.

गंमत म्हणजे तोपर्यंत त्यांना आत नेमकं काय आहे ते दिसलेलं नव्हतं. पडद्याचा छेद इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला सॅन डिएगोच्या जनरल अॅटॉमिक कंपनीतल्या रायली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९६४ च्या सुमारास. साय आणि स्पंज, दोन्ही. आधी कोड चाललं, मग डॉक्युमेंटेशन आलं.

आता गावाकडे वळतो. कॅलिफोर्नियातलं कोलिंगा. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा देणारं ठाणं, 'कोलिंग स्टेशन ए', त्यावरून नाव पडलं म्हणतात. तिथलं भूजल मचूळ, लिटरला अडीच हजार मिलिग्रॅमच्या घरात क्षार. कित्येक वर्षं तिथं पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांमधून यायचं आणि घरात तीन नळ असायचे. गार, गरम आणि तिसरा पिण्याचा. १९५९ मध्ये तिथं विजेच्या साहाय्यानं क्षार काढणारा एक संयंत्रसंच आला. आणि जून १९६५ मध्ये विद्यापीठाच्या लोकांनी, जोसेफ मॅककचन आणि लोएब यांच्या पुढाकारानं, जगातलं पहिलं व्यवहारात वापरलेलं आरओ संयंत्र तिथं चालू केलं. नळ्यांच्या आत पडदे बसवलेले. दिवसाला पाच हजार गॅलन, म्हणजे एकोणीस हजार लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरचे फार तर दोन.

तीन नळांचं वाचलं आणि मला आजीचं घर आठवलं.

माझे वडील मूळचे अकोला जिल्ह्यातले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत, जमिनीखालचं पाणीच खारं आहे. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. आजीच्या घरी ओसरीत एक मोठा रांजण असायचा वापरायच्या पाण्याचा, आणि आत देवघराशेजारी झाकलेली तांब्याची कळशी, प्यायच्या पाण्याची. मी सुट्टीत गेलो की पहिल्याच दिवशी चुकून रांजणातलं पाणी प्यायचो आणि तोंड वाकडं करायचो. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. गल्लीतले दोघंजण डायलिसिससाठी अकोल्याला जायचे. पाण्यामुळेच का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नसत, पण गावात कोणाला त्याबद्दल शंका नव्हती. कोलिंगाच्या बायकांनी आणि माझ्या आजीनं एकमेकींचं नाव कधी ऐकलं नसेल, पण पाहुण्याला कोणत्या भांड्यातलं पाणी द्यायचं हे दोघींना सारखंच पाठ होतं.

असो. पुढे.

सौरिराजन १९६१ मध्ये कॅनडाला गेले, ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, आणि तिथं काही दशकं याच विषयावर काम करत राहिले. लोएब साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इस्रायलला गेला, योटव्हाता या वाळवंटी किबुत्झवर मचूळ पाणी गोडं करायला, आणि पुढं तिथलाच झाला. २००८ साली तो वारला. तांत्रिक पुस्तकांत आजही 'लोएब-सौरिराजन पडदा' असंच नाव आहे. एका विद्यार्थ्याचं आणि एका परदेशी संशोधकाचं नाव असं जोडीनं टिकून राहणं तसं दुर्मीळच. पण ज्यांच्या घरात रोज हे यंत्र घुर्र करतं अशा किती जणांना सौरिराजन माहीत असतील? मलाही शनिवारपर्यंत नव्हते.

सुरळी मात्र त्यांची नाही. मोठ्या क्षेत्रफळाचा पडदा छोट्या नळकांड्यात कोंबायची युक्ती साठच्या दशकात जनरल अॅटॉमिकच्या लोकांनी काढली. ड्यूपाँटनं वेगळी वाट धरली, केसासारखे पोकळ तंतू. काही वर्षं तेही जोरात चाललं.

आणि माझ्या टेबलावर पडलेला चकचकीत पृष्ठभाग सेल्युलोज अॅसिटेटचाही नाही. तो जॉन कॅडॉटचा.

कॅडॉट मिनियापोलिसच्या एका संशोधन संस्थेत सरकारी पैशावर पडद्यांचं काम करत होता. त्यानं साय आणि स्पंज दोन वेगळ्या पदार्थांचे केले. आधी सच्छिद्र पॉलिसल्फोनचा थर. तो एका अमाइनच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवायचा. मग त्यावर पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवातलं दुसरं रसायन ओतायचं. दोघं फक्त जिथं भेटतात त्या रेषेवर काही सेकंदांत पॉलिअमाइडची फिल्म धरते, आणि ती धरली की दोघांची भेट थांबते. म्हणजे जाडी आपोआप मर्यादित राहते! यापेक्षा सुंदर फीडबॅक लूप मी पाहिलेला नाही. जगात आज बनणारे बहुतेक सगळे आरओ पडदे याच कुळातले. याचं एकच दुखणं म्हणजे क्लोरीन. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पॉलिअमाइडला हळूहळू खातं, म्हणून घरच्या मशीनमध्ये पडद्याच्या आधी कोळशाचा फिल्टर असतो. तो वेळेवर बदलला नाही तर महागडा पडदा जातो. (हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलो.)

१९७७ साली कॅडॉट आणि तीन सहकाऱ्यांनी फिल्मटेक ही कंपनी काढली. पेटंट १९८१ मध्ये मिळालं, १९८५ मध्ये डाऊ केमिकलनं कंपनी विकत घेतली. मग स्पर्धकांवर खटले भरले गेले. आणि १९९२ मध्ये हायड्रॅनॉटिक्सविरुद्धच्या खटल्यात अपील कोर्टानं सांगितलं की हा शोध कॅडॉट आधीच्या संस्थेत सरकारी करारावर काम करत असतानाच लागलेला होता. करारानुसार त्यावर मालकी अमेरिकन सरकारची. फिल्मटेकची नाहीच. एका निकालानं सगळ्या उद्योगाला रान मोकळं झालं.

आपण सगळ्यांनी जॉइन होताना तो चार पानांचा कागद न वाचता सही करून दिलाय, आठवतंय? 'नोकरीच्या काळात सुचलेली प्रत्येक कल्पना...' वगैरे. माझा एक मित्र वीकेंडला स्वतःचं अॅप बनवतो, त्याला मी ही गोष्ट फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. पण खरं सांगू का, यात मला कॅडॉटबद्दल वाईट वाटतं आणि निकाल बरोबरही वाटतो. पैसा जनतेचा होता. आणि पडदा स्वस्त झाला नसता तर खारपाणपट्ट्यातल्या गावांत आरओ पोचलं असतं का? (आणखी एक गंमत: तो फिल्मटेक ब्रँड २०१९ मध्ये ड्यूपाँटकडे आला. ज्यांच्या पोकळ तंतूंना त्यानं मागे टाकलं होतं, त्यांच्याकडेच.)

विज्ञानाचा वादही संपलेला नाही. पाणी त्या सायीतून नेमकं जातं कसं? सौरिराजन म्हणायचे बारीक छिद्रांमधून. १९६५ मध्ये जनरल अॅटॉमिकच्या लोकांनी म्हटलं, नाही, पाण्याचे रेणू फिल्ममध्ये विरघळतात आणि एकेक करत पलीकडे झिरपतात. पाठ्यपुस्तकांत पन्नासहून जास्त वर्षं हेच दुसरं उत्तर छापलं गेलं. २०२३ मध्ये येल विद्यापीठाच्या एलिमेलेक यांच्या गटानं पेपर लिहिला: पाणी छिद्रांमधून दाबाच्या फरकानंच वाहतं. सगळ्यांना ते मान्य नाही. इतकी वर्षं आपण ते पितोय, आणि ते कसं येतं यावर अजून भांडण चालू आहे.

समुद्राच्या पाण्याचं गणित मात्र आता खूप बदललंय. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरायची यंत्रं आल्यापासून हजार लिटरला तीनेक युनिट पुरतात. इस्रायलच्या सोरेकला २०१३ मध्ये दिवसाला ६,२४,००० घनमीटरचा प्रकल्प उभा राहिला. चेन्नईजवळ मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) इथं दिवसाला दहा-दहा कोटी लिटरचे.

आणि आपण घरी काय करतो? एक लिटर पाण्यासाठी साधारण तीन लिटर सिंकमध्ये सोडतो. धरणाचं पाणी येतं तिथं तर आरओची गरजच नसते. ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस हे भारतीय मानकानुसार चांगलंच पाणी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं, ५०० च्या खाली आरओ नको. माझ्या मीटरवर टँकरचं पाणी ६४० दाखवतं, पालिकेचं ९०. वर्षातले आठ महिने पालिकेचं येतं. म्हणजे आठ महिने मी नळाचं चांगलं पाणी आणखी गाळून त्याच्या तिप्पट गटारात घालवतोय. मशीनमधून जाणारी ती काळी नळी आता बादलीत सोडली आहे, फरशी पुसायला.

रविवारी आजीला फोन केला. गावात आता ग्रामपंचायतीजवळ आरओचं पाणी मिळतं, पाच रुपयांत वीस लिटरचा जार. कळशी अजून आहे, पण आता जारातून भरली जाते. तिला मी पडद्याची, सायीची, उलट्या बसवण्याची सगळी गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीठ पडद्याच्या अलीकडंच राह्यते म्हंतोस. मंग ते जाते कुठी?"

मी म्हटलं, उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर. नाल्यात.

"नाल्यातून?"

नाला पुढं शेताच्या कडेनं जातो आणि तिथंच जिरतो. ज्या जमिनीतून बोअरनं ते पाणी काढतात, तिच्यातच. हे मला माहीत होतं, लहानपणी त्या नाल्यात आम्ही खेकडे पकडलेत. फोनवर मात्र पटकन काही बोलता आलं नाही. आजी म्हणाली, बरं, ठेवतो बाप्पा, दिवाबत्तीची वेळ झाली.